खाजणात कोळंबी: नकाशा कुठवर उपयोगी पडतो

दाभोळ खाडीकाठचं सहा एकर खाजण (भरतीचं खारं पाणी शिरणारी सखल जमीन) उपग्रह नकाशावर सपाट दिसतंय, मग कोळंबीचे तलाव खणू का, असा तुमचा प्रश्न. नकाशा जागा निवडून देत नाही हो, नको त्या जागा गाळून देतो. तेवढ्यासाठी मात्र जरूर वापरा. क्यूजीआयएस हे नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअर आणि सेंटिनेल उपग्रहाची चित्रं, दोन्ही फुकट आहेत.

आधी गूगल अर्थवर मागची वर्षं उलटून बघा. आज मोकळी दिसणारी जागा पूर्वी तिवरांनी, म्हणजे कांदळवनाच्या झाडांनी, भरलेली असेल, तर विषय तिथेच सोडा. 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. शिवाय तिवरांखालची माती उकरली, वारा लागला की बऱ्याचदा आंबट होते. मग चुना ओतत बसा.

खरा घात होतो तो उंचीत. फुकटच्या उंची-नकाशात काही मीटरची चूक सहज असते, झाडांचे शेंडेसुद्धा जमीन म्हणून धरले जातात. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे पुनवे-अवसेच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीतला फरकच जेमतेम अडीच-तीन मीटरचा! माझा पहिला तलाव मी त्याच आकड्यांवर आखला. उधाणाला झकास भरला, पण काढणीच्या वेळी ओहोटीला तळातलं हातभर पाणी निघेना. दोन रात्री पंप लावून डिझेल जाळलं. तेव्हा डंपी लेव्हलवाला (दुर्बिणीने जमिनीची उंची मोजणारा) बोलवा, आणि उघाडीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) खांबावर उधाणाच्या नि भांगाच्या (अष्टमीच्या लहान भरतीच्या) पाण्याच्या खुणा महिनाभर करा.

दुसरं, तुमच्याच खाडीचं. कोयनेच्या वीजघरातून सुटणारं पाणी चिपळूणला वाशिष्ठीत येतं, म्हणून वरच्या अंगाला उन्हाळ्यातही खारेपणा कमी भरतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. लोट्याची रासायनिक वसाहतही याच पाणलोटात, त्यामुळे पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. हे कुठल्याच चित्रात दिसत नाही.

माती जांभ्याची की चिकण, ते हातानेच कळतं. ओल्या मातीचा लाडू वळून डोक्याएवढा उंच उडवा नि झेला. फुटला तर तलाव पाणी धरणार नाही.

कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर ऑथॉरिटीची (किनारी मत्स्यशेतीच्या केंद्रीय प्राधिकरणाची) नोंदणी लागेलच, पण ते नंतर. आधी एक रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजायचं छोटं यंत्र) घ्या, पौर्णिमेला नि अष्टमीला, भरती-ओहोटी दोन्ही वेळी खारेपणा मोजा. ते चार आकडे इथे टाका, मग कोळंबीच्या बियाण्याचं (पिल्लांचं) बोलू.