पट्ट्याला कळतं कुत्रा कुठंय, पण तुम्हाला कोण सांगणार?

मागच्या अंकात हरवलेल्या कुत्र्यांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी जीपीएस पट्ट्यांबद्दलच होती. चार निवडलीयेत. पहिल्या दोघांना जरा लांबलचक उत्तर देतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियात रिचमंडपासून तासाभरावर राहतो, घरामागे थोडं रान आहे. नोव्हेंबरात एका सकाळी अंगणात एक कुत्रा आला, बरगड्या दिसत होत्या, तहानलेला, गळ्यात केशरी पट्टा आणि पट्ट्यातून वितभर काळी तार वर आलेली. बायको म्हणाली कुणीतरी टाकून दिलाय बिचाऱ्याला, पट्टा काढ, आपण शेल्टरला नेऊ. तेवढ्यात पिकअप घेऊन एक माणूस आला आणि सरळ आमच्या आवारात शिरला, म्हणे माझा कुत्रा. असं कुणीही घुसू शकतं का? आणि पट्टा काढला असता तर?
— एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : काढला नाहीत ते फार बरं झालं. व्हर्जिनियात यासाठी वेगळं कलमच आहे, १८.२-९७.१. मालकाला कुत्रा सापडू नये म्हणून कुणी त्याचा ट्रान्समीटर म्हणजे जागा कळवणारा पट्टा काढला तर तो गुन्हा धरतात, आणि कुत्रा हरवला किंवा मेला तर त्याची किंमतही भरून द्यावी लागते. तुमचा हेतू चांगला होता हे खरंय, पण ते कोर्टात समजावत बसायची वेळ कशाला आणा.

बरगड्यांचं म्हणाल तर तो टाकलेला नव्हता, कामावरचा होता. ब्लू रिज डोंगराच्या पूर्वेला बऱ्याच भागात सीझनमध्ये हाउंड म्हणजे शिकारी कुत्री सोडून हरणाची शिकार करायला कायद्याने परवानगी आहे आणि दिवसदिवस पळणारं हाउंड असंच सडपातळ असतं. आपल्याकडचा कारवानी हा शिकारी कुत्रा पाहिलेला माणूस हे लगेच ओळखेल, शहरातला लॅब्रेडॉर बघून डोळे बिघडलेत आपले.

आता तो माणूस घुसला कसा. कलम १८.२-१३६ असं सांगतं की पाठलाग तुमच्या जमिनीबाहेर सुरू झाला असेल तर शिकारी आपला कुत्रा परत न्यायला तुमच्या जमिनीवर येऊ शकतो, तुम्ही शिकारबंदीची पाटी लावली असली तरी. मात्र बंदूक किंवा धनुष्यबाण घेऊन यायचं नाही, आल्यावर शिकार करायची नाही, गाडी आत आणायची तर तुमची परवानगी आधी घ्यायची, आणि तुम्ही नाव विचारलं तर सांगायचं. म्हणजे पायी आला असता तर त्याचं बरोबर होतं, पिकअप आत आणली ते चुकलं. पुढच्या वेळी नाव विचारा, शांतपणे. तो येईपर्यंत कुत्र्याला पाणी द्या आणि पट्ट्यावर फोन नंबर असला तर फोन करा, एवढंच.

ती तार म्हणजे अँटेना. जीपीएस सॅटेलाइटकडून फक्त ऐकतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते पट्ट्याला कळतं पण मालकाला नाही कळत. मालकाला कळवायला पट्ट्यात एक छोटा रेडिओ असतो, तो मालकाच्या हातातल्या यंत्राला जागा पाठवत राहतो. गार्मिन कंपनीच्या अल्फासारख्या सेटमध्ये एका यंत्रावर २० कुत्री दिसतात, दर अडीच सेकंदाला ठिपका सरकतो, रेंज ९ मैल म्हणजे साधारण १४ किलोमीटर सांगतात. कुत्रा पळतोय, थांबलाय की झाडाखाली वर तोंड करून भुंकतोय तेसुद्धा दाखवतं. रात्री रॅकून (तिकडचा एक छोटा रानटी प्राणी) झाडावर चढवणाऱ्या कुत्र्यांसाठी हे फार कामाचं. जीपीएसच्या आधी नुसता बीप बीप करणारा रेडिओ असायचा आणि माणूस गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखं धूड हातात घेऊन गोल गोल फिरायचा, आवाज जिकडे मोठा तिकडे कुत्रा.

जाता जाता माझं मत. शिकारी लोक कायम म्हणतात की कुत्र्याला पाटी वाचता येत नाही. मान्य. पण मालकाला येते ना, आता तर त्याच्या स्क्रीनवर जमिनीच्या हद्दीसुद्धा दिसतात. कुत्रं तुमच्या कुंपणाकडे निघालंय हे त्याला तुमच्या आधी कळतं, मग दारात येण्याआधी एक फोन करायला काय हरकत आहे.

प्रश्न : माझ्याकडे कारवानी कुत्री आहे, रानात सुटली की दोन-तीन किलोमीटर जाते, ससा दिसला तर विचारूच नका. भाऊ अमेरिकेतून शिकारी कुत्र्यांचा जीपीएस सेट आणतो म्हणतोय. आणू देऊ का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : नको. कारणं सांगतो, आणि आधी ते सशाचं.

दादा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकणं, कुत्रं मागे सोडून पळवणं हे सगळं त्याच शब्दात बसतं, ससा हाती लागला नाही तरी. गावाकडे अजूनही रविवारी पोरं कुत्री घेऊन माळावर जातात आणि त्याला खेळ म्हणतात, माझ्या लहानपणी मीपण गेलोय, खोटं कशाला बोलू. पण तो गुन्हा आहे. आणि जीपीएस पट्टा कुत्र्याची अख्खी वाट साठवून ठेवतो, कधी कुठून कुठे किती वेगात पळाली ते सगळं, म्हणजे पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करून ठेवणार. तुमची कुत्री नुसती सुटून जाते आणि तुम्हाला ती सुखरूप घरी हवीये एवढंच असेल तर पट्टा जरूर घ्या, पण अमेरिकेचा नाही.

अमेरिकेचा सेट १५१ ते १५४ मेगाहर्ट्झवर चालतो. तिथे त्यातले पाच चॅनल २ वॉटपर्यंत बिनपरवाना वापरता येतात म्हणून ते पट्टे तसे बनवलेत. आपल्याकडे ती फ्रिक्वेन्सी बिनपरवाना नाही. भारतात असल्या कमी ताकदीच्या उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ मोकळं आहे, म्हणजे तो सेट लातुरात चालू करणं हेच बेकायदा वायरलेस वापरणं झालं. आणि भावाला हेही सांगा की सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र तर चुकूनही बॅगेत टाकू नको, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी अडकलेत.

मग काय घ्यायचं तर सिमकार्डवाला. इथे माझीच फजिती ऐका. मी पहिला स्वस्तातला घेतला, दुकानदार काही बोलला नाही, मी घरात पडलेलं जिओचं सिम घातलं आणि तीन दिवस पट्टा मुका. तो होता २जी, आणि जिओला २जी नाहीच, फक्त ४जी आणि पुढचं. म्हणून घेताना आधी ४जी आहे का विचारा, आणि तुमच्या शिवारात ज्या कंपनीची रेंज खरोखर येते तिचंच सिम घाला. ओढ्यात, खदानीत, विहिरीच्या बाजूला फोन लावून बघा, कारण कुत्री अडकते ती अशाच जागी.

दुसरं, किती वेळाने जागा कळते ते बघा. सिमवाले बरेच पट्टे बॅटरी वाचवायला मिनिटाला एकदा जागा पाठवतात. कारवानी जीव तोडून पळाली तर तासाला ५०-६० किलोमीटर सहज. ६० धरले तर मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे तुमच्या मोबाइलवर ठिपका बांधावर दिसतोय आणि कुत्री पुढच्या गावाच्या वेशीत. इतका वेळ त्या वेगात ती पळत नाही हे खरं, पण अंदाज आला असेल. ज्यात हरवल्यावर दहा सेकंदांचा मोड लावता येतो तो घ्या.

आणि कारवानीचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं त्यामुळे साधा पट्टा ती मागे सरकून सहज काढते. ओढला की थोडा आवळणारा पट्टा येतो तो घ्या आणि ट्रॅकर त्याच्यावर शिवून टाका. दोन बोटं आत जातील एवढा सैल. दिवसभर घालून ठेवू नका, बारीक केसांच्या कुत्र्याला मान लगेच सोलते.

प्रश्न : ॲपलचा एअरटॅग (किल्ल्यांना वगैरे लावतात ते छोटं बटण) लावला तर नाही का चालणार? स्वस्त पडतो.
— पुणे

उत्तर : सोसायटीत चालेल. त्यात जीपीएस नाहीये, आजूबाजूला कुणाचा तरी आयफोन असेल तरच त्याची जागा कळते. कोथरुडात दर दहा पावलांवर आयफोन, पण सिंहगडाच्या पायथ्याला रानात मेंढपाळाकडे असेलच असं नाही. ॲपल स्वतःच सांगतं की तो वस्तूंसाठी आहे, पाळीव प्राण्यांसाठी नाही. कुत्रा दिसेल ते चावणारा असेल तर गिळायचीही भीती.

प्रश्न : मी स्वीडनमध्ये असतो. ऑफिसातला एकजण मूसच्या (तिकडचं भलंमोठं हरीण) शिकारीला जातो आणि म्हणतो मी कुत्र्याला फोन लावतो. मस्करी करतोय का? त्याच्या पट्ट्याला करंटचं बटण पण असेल ना, अमेरिकेत असतं तसं?
— एक वाचक, स्वीडन

उत्तर : मस्करी नाही, खरंच लावतो. स्वीडन-फिनलंडमध्ये मोबाइल नेटवर्कवर चालणारे पट्टे बरेच वापरतात, त्यात माइक असतो, फोन केला की कुत्र्याचा आवाज ऐकू येतो. तिथे कुत्र्याचं काम मूसला शोधून एका जागी उभं धरायचं आणि भुंकत राहायचं, शिकारी हळूहळू जवळ जातो. भुंकणं एका लयीत आणि एकाच जागेवरून येत असेल तर मूस उभा आहे, आवाज सरकायला लागला तर पळाला. म्हणजे ठिपक्यापेक्षा कान महत्त्वाचा. लांडग्यांची भीती असते त्या भागात तर मालक सारखा ऐकत असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनला लांडग्याने शिकारी कुत्रा मारला तर सरकार २,५०० डॉलरपर्यंत भरपाई देतं, त्यावरून कल्पना करा.

करंटचं बटण मात्र नसणार, स्वीडनमध्ये त्याला बंदी आहे. वेल्समध्ये २०१० पासून आहे. अमेरिकेत चालतं, जागा दाखवणारा आणि झटका देणारा पट्टा एकत्रच विकतात. मला विचाराल तर हाक मारल्यावर परत यायला आधी शिकवा, माझं याबाबत मत पक्कं आहे आणि त्यावर मला दर महिन्याला शिव्या खायची सवय झालीये.

सीझन आला की त्या सहकाऱ्याबरोबर एकदा जा, आणि कुत्र्याला फोन लावशील तेव्हा स्पीकरवर टाक म्हणावं.