मुलीला ईटीपीत नोकरी मिळतेय, घ्यावी का?

तुमचं पत्र वाचलं. मुलगी रासायनिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कारखान्यांतला ताज्या पाण्याचा वापर आणि सांडपाणी कमी करण्याच्या कामात तिला उतरायचंय, आणि पहिली नोकरी चालून आलीय ती एका कारखान्याच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात. ‘एवढं शिकून सांडपाण्याच्या टाक्यांवर उभं राहायचं, की आधी पर्यावरण अभियांत्रिकीत पुढचं शिक्षण घ्यायचं?’ असा तुमचा प्रश्न आहे.

नोकरी घेऊ द्या, पण एक गोष्ट आधी पक्की करून घ्या: तिला उत्पादनाच्या शेडमध्ये जाण्याची, तिथली मापं घेण्याची मुभा हवी. ईटीपीत येणाऱ्या पाण्याचं प्रमाण शेडमध्येच ठरलेलं असतं. जी व्यक्ती फक्त शेवटच्या टाकीशी उभी असते, तिच्या हाती ते शुद्ध करण्यापलीकडे काही उरत नाही.

प्लेटिंगचं, म्हणजे भागांवर धातूचा मुलामा चढवण्याचं उदाहरण घ्या. मुलाम्याच्या टाकीतून वर काढलेल्या भागांना द्रावण चिकटून येतं, त्याला ड्रॅगआउट म्हणतात. समजा तासाला 1 लिटर द्रावण असं धुण्याच्या टाकीत येतंय आणि ते हजारपट विरळ व्हायला हवं. एकाच टाकीत धुतलं तर तासाला सुमारे 1000 लिटर पाणी लागेल. दोन टाक्या ठेवून पाणी भागांच्या उलट दिशेनं, शेवटच्या टाकीकडून पहिलीकडे वाहू दिलं, तर साधारण 32 लिटरमध्ये तेवढंच काम होतं; तीन टाक्यांत 10 लिटरमध्ये. 32 हे हजारचं साधारण वर्गमूळ, 10 हे घनमूळ. भाग वर काढल्यावर दहा-पंधरा सेकंद टाकीवरच निथळू दिले तर मूळचा 1 लिटरही कमी होतो.

प्रत्यक्षात हे बिघडतं ते साध्या कारणांनी. टाकीतलं पाणी नीट ढवळलं जात नाही, म्हणून नवं पाणी भागांना न भिडता वरच्यावर वाहून जातं. किंवा डाग दिसला की कामगार नळ पूर्ण उघडतो आणि तो तसाच राहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माल परत आला तर बोलणी त्यालाच खावी लागतात. नळावर प्रवाह मर्यादित करणारी चकती आणि टाकीत कंडक्टिव्हिटी प्रोब (पाण्यातले क्षार किती ते त्याच्या विद्युतवाहकतेवरून दाखवणारा) बसवला, तर नळ कधी उघडायचा हे अंदाजावर राहत नाही. हे पुस्तकात वाचून पुरत नाही, शेडमध्ये उभं राहूनच दिसतं.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत तिनं एकच गोष्ट नीट शिकावी: पाण्याचा ताळेबंद. प्रत्येक विभागात किती पाणी येतं, किती वाफ होतं, किती मालाबरोबर जातं, किती गटारात जातं. आवक-जावकीत दहा टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर एखादी वाट नजरेतून सुटलीय असं समजावं. कारखाना बंद असलेल्या दिवशी मीटर वाचायला विसरू नये. त्या दिवशी जे पाणी फिरलं, ते बहुतेक गळती किंवा ओव्हरफ्लोच असतं.

पुढची पायरी हिशोबाची. एका प्रक्रियेतून तासाला 3 किलो अशुद्धी पाण्यात येते, तिला ताजंच पाणी लागतं आणि बाहेर पडताना 100 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात 100 भाग अशुद्धी) चालतं: म्हणजे 30 टन पाणी. दुसरीतून 8 किलो येते, तिला 100 पीपीएमचं पाणी चालतं आणि ती 500 पर्यंत जाऊ शकते. दोघींना वेगवेगळं ताजं पाणी दिलं तर 30 आणि 16, मिळून 46 टन. पहिलीच्या बाहेर पडणाऱ्या 30 टनांतले 20 टन दुसरीला दिले, की तासाला 30 टन ताज्या पाण्यात दोन्ही भागतात. अशा अनेक प्रक्रिया एकत्र मांडण्याची पद्धत, वॉटर पिंच, 1994 मध्ये मँचेस्टरमधल्या संशोधकांनी मांडली. पुढच्या शिक्षणात ती जरूर शिकावी.

मात्र कुठे थांबायचं हेही कळायला हवं. कुलिंग टॉवरमधून तासाला 15 घनमीटर पाणी वाफ होत असेल आणि फिरत्या पाण्यातले क्षार मेकअप पाण्याच्या (भर घालायच्या नव्या पाण्याच्या) तिप्पट ठेवले, तर ब्लोडाउन, म्हणजे क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी, 7.5 घनमीटर. सहापट ठेवले तर 3. दिवसाला 108 घनमीटर वाचले. बारापट केले तर तासाला जेमतेम 1.6 घनमीटर आणखी वाचतात, आणि कॅल्शियम-सिलिकाचा थर बसणं, क्लोराइडनं स्टेनलेस स्टीलला तडे जाणं हे धोके मात्र वाढत जातात. ईटीपीतही तसंच: पाणी कमी झालं की तीच घाण कमी पाण्यात येते, क्षार वाढतात, घाण खाणाऱ्या जिवाणूंची टाकी कोलमडू शकते. पाणी वाचवणाऱ्या माणसानं ईटीपीवाल्याला आधी न सांगता बदल केला, की भांडण ठरलेलं.

सगळं पाणी आरओ आणि बाष्पीभवनानं परत मिळवता येतं, असं तिला कुणी ना कुणी सांगेलच. आरओनं 75 टक्के पाणी परत मिळवलं, तर उरलेल्या पाव भागात क्षार जवळपास चौपट होतात. ते पाणी एकपदरी बाष्पीभवनानं आटवायचं तर टनामागे 600 युनिटहून (किलोवॅट-तासांहून) जास्त उष्णता लागते. अनेक टप्प्यांचं यंत्र घेतलं तर ती बरीच कमी होते, तरी भार मोठाच राहतो. शेडमध्ये वाचवलेल्या प्रत्येक टनावर हा खर्च येतच नाही. म्हणून आधी शेडमधली बचत, मग आरओ, हा क्रम तिनं उलटा करू नये.

पुढच्या शिक्षणाची घाई नको. दोन वर्षं काम करून गेली तर कोणता विषय हवा हे तिला स्वतःलाच कळेल. पाण्याचं रसायनशास्त्र, मेम्ब्रेन आणि वस्तुमान-संक्रमण हे तीन तर लागतातच.

मुलाखतीत तिनं हे विचारावं: विभागवार पाण्याचे मीटर आहेत का? नोंदी कोण ठेवतं आणि त्या कोण वाचतं? उत्पादन-प्रमुख आणि ईटीपी-प्रमुख आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसतात का? मीटर नसतील तरी बिघडत नाही, ते बसवणं हेच तिचं पहिलं काम होईल. पण ‘ईटीपीच्या माणसांचं शेडमध्ये काय काम?’ असं उत्तर आलं, तर दुसरी नोकरी शोधावी.