एनएलपी प्रॅक्टिशनर केलंय, लातूरला राहून पुढं काय करता येईल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय २९, लातूरला एका नीटच्या क्लासेसमधी ऍडमिशन काउंटरवर चार वर्षं झाली, पुण्याला जाऊन एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे बोलण्या-विचाराच्या सवयी ओळखून बदलायची पद्धत) प्रॅक्टिशनर केलं, आता तिथलेच लोक मास्टर प्रॅक्टिशनरची, म्हणजे पुढच्या पायरीची फी भरा म्हणायलेत आणि तुमच्या मनात नोकरी सोडून लाईफ कोच व्हायचं आहे. एका रडत बसलेल्या पोरीबद्दल पण तुम्ही लिहिलंय. मी दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, नोकरी सध्या सोडू नका आणि मास्टरची फी पण एवढ्यात भरू नका. का म्हणतो ते सांगतो, जरा लांबेल.

मी एनएलपी शिकलो तेव्हा संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीत लाईन सुपरवायझर होतो. कोर्स करून आलो, अंगात लई उत्साह, मित्राच्या सिडकोतल्या ऑफिसमधी एक टेबल टाकला आणि सुट्टीच्या दिवशी तिथं बसायला लागलो. चार महिन्यात सात माणसं आली, त्यातली तीन नात्यातली. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, तुम्ही नेमकं करता काय? एनएलपी म्हणलं की समोरच्याला काहीच कळत नाही, आणि ज्याला कळतं तो दुसऱ्या मोठ्या नावाकडं जातो. आपल्याकडं माणूस पैसे देतो ते अडचण सुटण्याचे, पद्धतीचे नाही.

पण त्याच दिवसांत लाईनवर वेगळंच व्हायलं होतं. एक ऑपरेटर रोज म्हणायचा, साहेब हे मशीन सारखंच बंद पडतंय. आधी मी मेंटेनन्सला फोन लावून मोकळा व्हायचो. कोर्सनंतर विचारायला लागलो, सारखंच म्हणजे कधी, कोणत्या शिफ्टला, त्याच्या आधी काय केलेलं असतं? तिसऱ्या दिवशी कळलं की डाय (साचा) बदलल्यावर पहिल्या तासातच बंद पडतंय, बाकी वेळ नाही. हे मेटा मॉडेलच आहे बगा, तुम्हालाही शिकवलं असेल, माणूस बोलताना काय गाळतो, काय सरसकट करून टाकतो, ते प्रश्न विचारून उघडं करायचं. बँडलर आणि ग्राइंडर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एनएलपीची सुरुवात केली ती इथूनच, फ्रिट्झ पर्ल्स आणि व्हर्जिनिया सटायर यांच्यासारखे थेरपिस्ट पेशंटशी बोलतात कसं, त्यावरून. एचआरनं ते बघितलं आणि नवीन पोरांचं ट्रेनिंग माझ्याकडं दिलं. आज मी लातूर-नांदेडकडं पतसंस्थांचे कर्मचारी, शाळेचे शिक्षक, दुकानातली सेल्सची पोरं यांचं ट्रेनिंग घेतो, त्यावरच घर चालतं, आणि ते आलं वाळूजच्या लाईनवरून, सर्टिफिकेट मला आजवर एकानंही मागितलं नाही.

म्हणून म्हणतो तुमचं सोनं तुमच्या काउंटरवरच आहे. परभणी, हिंगोली, बीडकडून बाप पोराला घेऊन येतो, रान गहाण ठेवून फी आणलेली असते, पोरगं खाली मान घालून बसलेलं, आणि बाप म्हणतो "त्याला फिजिक्स येतच नाही". तिथं तुम्ही पोराकडं वळून विचारा, कोणता चाप्टर? तो म्हणेल रोटेशन. मग बाकीचं येतं का? येतं. बापाच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो ते बगा एकदा. असे शंभर पोरांचे अनुभव तारखेसकट वहीत लिहून ठेवा, कोणाचंच नाव न लिहिता. पुढं कोणत्याही कॉलेजात ट्रेनिंग मागायला गेलात तर ती वहीच तुमचा बायोडाटा होईल.

आता जे शिकवलं त्यातलं काही सोडून पण द्यावं लागेल. डोळे कुठं फिरतात त्यावरून माणूस खोटं बोलतो का ते ओळखायचं, हे तर २०१२ ला प्लॉस वन या विज्ञानाच्या नियतकालिकातल्या अभ्यासात तपासलं आणि त्याला काहीच आधार मिळाला नाही. पोरगं व्हिज्युअल (बघून शिकणारं) की ऑडिटरी (ऐकून शिकणारं) असा शिक्का मारून अभ्यास सांगणं, हे पण टिकत नाही. रॅपो म्हणजे समोरच्याशी सूर जुळवणं, नीट ऐकणं, रिफ्रेमिंग म्हणजे तीच गोष्ट वेगळ्या बाजूनं दाखवणं, ध्येय ठोस शब्दांत मांडणं, एवढं घ्या, तेवढ्यानंच भरपूर काम होतं.

आणि एक गोष्ट मनापासून लिहितो, ती वाचाच. हॉस्टेलवरचा एक पोरगा माझ्याकडं आला होता, झोप नाही, जेवण नाही, अभ्यासात लक्ष नाही. मी त्याला परीक्षेची भीती समजून अँकरिंग शिकवलं, मुठ आवळा आणि जिंकल्याचा क्षण आठवा, असं. दोन आठवडे गेले. त्याच्या रूममेटनं मला फोन केला की हा रात्री जगायचं नाही असं बोलायलाय, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तसाच त्याला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. डिप्रेशन होतं. औषध सुरू झालं, पोरगा सावरला, पण ते दोन आठवडे माझ्यामुळं वाया गेले हे मी विसरत नाही. त्या दिवसापासून झोप-भूक उडालेली किंवा मरणाची भाषा आली की माझं तंत्र बाजूला, आधी डॉक्टर. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तुमच्या काउंटरवर मोठ्या अक्षरात चिकटवा. फोबिया, डिप्रेशन बरं करतो असं पत्रकात छापू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

पुढं शिकायचंच असेल तर मास्टरपेक्षा मला दोन रस्ते बरे वाटतात. खरंच कोचिंग करायचं मनात असेल तर आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या संस्थेचं एसीसी हे कोचचं प्रमाणपत्र बघा, त्याला किमान ६० तास ट्रेनिंग आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, म्हणजे कागदाच्या आधी काम करावंच लागतं, कंपन्यांच्या एचआरला पण हे नाव माहीत असतं. एनएलपीचं तसं नाही, त्याला एकच अशी मान्यता देणारी संस्था नाही, जो तो आपापलं सर्टिफिकेट देतो. दुसरा रस्ता, पोरांच्या मनाचंच काम करायचं असेल तर मानसशास्त्र शिका. इग्नूचं एमए सायकॉलॉजी आधी कुठल्याही पदवीवर, नोकरी सांभाळून करता यायचं, पण २०२५ च्या जुलै सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरशिक्षणाचे नवे प्रवेश बंद केलेत, त्यामुळं आता एमए नियमित कॉलेजातूनच करावं लागेल. नुसत्या एमएनं तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते, तिकडं जायचं असेल तर एमए कुठून करायचं ते ठरवायच्या आधीच त्यांच्या पात्रतेच्या अटी वाचून घ्या. मला विचाराल तर तुमचा ओढा ह्याच बाजूचा दिसतो, प्रश्नात तुम्ही स्वतःच्या पगारापेक्षा जास्त त्या रडत बसलेल्या पोरीबद्दल लिहिलंय. एमएच्या प्रवेशाची येत्या खेपेची तारीख तेवढी चुकवू नका.