र्‍योआन-जीला पहिल्यांदा जाताय? मग एवढं करा

क्योटोला जाणार आहात तर र्‍योआन-जी घाईत उरकू नका. हे झेन बौद्ध पंथाचं मंदिर 1450 साली होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने स्थापन केलं. मार्च ते नोव्हेंबर सकाळी 8 ला उघडतं. त्या ठोक्याला दारात हजर राहा, नंतर सहलींचे घोळके येतात आणि शांतता संपते.

आत जाताना बूट काढावे लागतात. आपल्याला त्याची सवय आहेच, पण थंडीत लाकडी फळ्या बर्फासारख्या लागतात, म्हणून जाड मोजे घाला.

इथली दगडांची बाग म्हणजे झाडंफुलं नाहीत. साधारण 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद पांढरी खडी, दाताळ्याने ओढलेल्या रेघा, 15 दगड आणि त्यांच्या पायाशी शेवाळ, बस्स. ओसरीवर मांडी घालून बसा आणि दगड मोजा. कुठेही बसलात तरी एखादा दगड दुसऱ्याआड लपलेलाच असतो. मी पहिल्या वेळी फोटो काढून पाच मिनिटांत उठलो, त्याची हळहळ अजून वाटते. निदान अर्धा तास द्या. मागची मातीची भिंतही नीट बघा: माती तेलात उकळून घेतलेली, ते तेल झिरपून तिच्यावर तपकिरी डाग उमटलेत. मला तर दगडांइतकीच ती आवडते.

मागच्या बाजूला हात धुण्याचं दगडी कुंड आहे. त्यावरच्या चार अक्षरांचा अर्थ, ‘आहे ते पुरे, एवढंच मी जाणतो.’ मधला पाण्याचा चौकोन चारही अक्षरांचा भाग आहे, तो वाकून पाहा.

निघताना क्योयोची तळ्याला फेरी मारा.