पावसाळ्यानंतर लॉन मोवर सुरूच होत नाही. माळ्याने वाट लावली असेल का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडच्या सोसायटीतलं मशीन जूनपासून बंद होतं, आता दोरी ओढून ओढून हात भरून आले, आणि माळ्यावर संशय आहे. कॉक (पेट्रोलचा नळ), चोक (गार इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप), ऑइल, हँडलला दाबून धरायचा दांडा हे बघून झालंय असं धरतो. आधी संशयाबद्दल बोलू, कारण हे नाटक मी जवळून बघितलंय.

मी तुर्भे एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, राहायला नेरूळला. कोजागिरीला लॉनवर बसायचं म्हणून आमच्या सोसायटीने मशीन बाहेर काढलं, तर ते ढिम्म. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की माळी पेट्रोल काढून घेतो आणि रॉकेल मिसळतो. पुरावा काय, तर टाकीला वेगळाच वास येतो. अहो, अख्खा पावसाळा पडून राहिलेल्या पेट्रोलचा वास बदलणारच! माळी सांगत होता, "साहेब, पेट्रोल जुनं झालंय, बाकी काही नाही." ऐकतो कोण? दुकानदाराने मशीन न उघडताच इंजिन गेलं म्हणून सांगितलं आणि ते खजिनदारांना लगेच पटलं, कारण त्यांना बॅटरीचं मशीन घ्यायचंच होतं.

शेवटी मीच कंपाउंडमध्ये पाने घेऊन बसलो. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. वायरची कॅप परत लावून त्याची बॉडी इंजिनाला टेकवली, माळ्याने दोरी ओढली, निळी ठिणगी पडली. म्हणजे करंट आहे, पेट्रोल पोचत नाही. खात्री करायला एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडात चमचाभर ताजं पेट्रोल सोडलं. इंजिन क्षणभर धडधडलं आणि बंद पडलं. गेलेलं इंजिन असं धडधडत नाही. मग कार्बोरेटरच्या खालच्या बाऊलचा, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीचा, बोल्ट सोडला, टाकीही रिकामी केली आणि आलेलं सगळं मुरांब्याच्या बरणीत धरलं. थोड्या वेळाने दोन थर दिसायला लागले, वर पिवळसर पेट्रोल आणि तळाला गढूळ पाणी.

आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. प्रमाणाबाहेर पाणी गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिन नेमकं तळातलंच ओढतं. जुन्या छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं बहुधा लिहिलेलं असतं, पण पुस्तिका वाचतो कोण! आमच्याकडे पाणी आलं कुठून? सारखं पंपावर कोण जाणार म्हणून मे महिन्यात कमिटीनेच कॅन भरून आणला, झाकण धड न बसणारा, आणि ठेवला पंप रूममध्ये, जिथे पावसाळाभर भिंत पाझरते. माळ्याने फक्त त्यातलं टाकीत ओतलं.

ती बरणी मी कमिटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, "बरं बरं, झालं ते झालं." ग्रुपवरचा मेसेज आजही तसाच आहे. माळी वर्षभरात सीवूड्सला दुसरीकडे लागला.

तर तुम्ही आधी प्लग काढा. कोरडा असेल तर टाकी आणि बाऊल पूर्ण रिकामे करा, मेन जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला छोटा स्क्रू) काढून कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा. भोक बुजलेलं असेल तर वायरमधली तांब्याची बारीक तार घाला. सुई अजिबात नको, भोक मोठं होतं आणि मग मशीन कायम पेट्रोल पितं. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, तो पुसा, तो बाहेर असतानाच प्लगच्या भोकापासून लांब राहून काही वेळा दोरी ओढा आणि नंतर चोक न लावता सुरू करा. तेवढ्याने नाहीच झालं तर माळ्याला नीट विचारा, बंद पडायच्या आधी पातं दगडाला किंवा स्प्रिंकलरच्या पाइपला आपटलं होतं का. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, जागेवर धरणारी छोटी चावी (धातूचा तुकडा) मुद्दाम मऊ धातूची असते, आपटल्यावर ती कापली जाते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं. मग ठिणगीही असते, पेट्रोलही असतं, पण दोरी उलटा झटका देते. पण हे माळी तुम्हाला तेव्हाच सांगेल, जेव्हा आधीच त्याला चोर ठरवलेलं नसेल.

बॅटरीचं मशीन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, लहान लॉनला छानच. पण एका स्प्रे कॅनच्या पैशात होणाऱ्या कामासाठी मेंटेनन्स फंड फोडायचा नसतो, हे मी आमच्या खजिनदारांना तेव्हाही सांगितलं होतं.

हो, राहिलंच. पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची कॅप काढून ठेवा. मशीन आडवं कराल तेव्हा एअर फिल्टर वरच्या बाजूला येऊ द्या, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरेल आणि नवीन दुखणं सुरू होईल. आणि वरचं सगळं फोर स्ट्रोक इंजिनाचं, ज्यात ऑइल वेगळं भरतात. तुमचं खांद्याला लावायचं ब्रश कटर असेल तर ते बहुधा टू स्ट्रोक, त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं आणि कार्बोरेटरला बाऊल नसतो. तसं असेल तर मॉडेल लिहा, वेगळं सांगतो.