कोकणातली शेतीवाली गावं ओस का पडत गेली?

पोरं आळशी झाली म्हणून, असं लोक बोलतात पण हे आजचं नाहीये हो. रत्नागिरीकडे जमीन खोताची (म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार), राबायचं कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा खोताला, त्यात डोंगरउतारावर नाचणी-वरी, पोट कसं भरणार, मग गडी मुंबईला गिरणीत आणि गावात बायका-म्हातारे, घर चालायचं मनीऑर्डरवर. आंबेडकरांनी 1937 ला खोती रद्द करायचं बिल आणलं, कायदा झाला 1949 ला, तोवर मुंबईची सवय लागलेली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या तरी परत येऊन नांगर धरणारे थोडेच. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोन्हीची लोकसंख्या 2001 पेक्षा चक्क कमी भरली (गणपतीत मोजली असती तर डबल निघाली असती!).

आता सातबारा काढा, दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावं, काही वारलेली, बाकी नालासोपारा-डोंबिवलीला, सही कोण देणार? आणि जो एकटा भात लावतो त्याच्याकडे रात्री डुक्कर, दिवसा माकडं. सगळे लावायचे तेव्हा राखण वाटून व्हायची, एकट्याला कुठे झेपणार, मग तोही सोडतो.