फ्युएल सेलमध्ये मेकॅनिकलवाल्यांचं काय काम?

प्रश्न: मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, ८४ टक्के आहेत. थेट दुसऱ्या वर्षाला तिला मेकॅनिकलच हवंय. मी म्हणतो, इंजिनं जाणार, हायड्रोजन येणार आणि फ्युएल सेलमध्ये हलणारा पार्टच नसतो. कॉम्प्युटर घे म्हटलं तर ऐकत नाही, म्हणून प्रवेशाच्या लॉगिनचा पासवर्ड मी बदललाय. तिला समजवा. – एक पालक, चिंचवड

उत्तर: तिला नंतर, आधी तुम्हाला. पासवर्ड आजच्या आज तिला देऊन टाका. तीन वर्षं वर्कशॉप करून ८४ टक्के आणणाऱ्या मुलीला स्वतःचा फॉर्म भरता येतो. तिला मेकॅनिकलच का हवंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही. विचारलंत का कधी? ही काळजी नाही, दादागिरी आहे.

प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, तिला माहीत असेलच.

आता तो 'हलणारा पार्ट'. स्टॅकपुरतं, म्हणजे रचलेल्या सेलच्या गठ्ठ्यापुरतं, तुमचं खरं आहे. प्रत्येक सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन, दुसरीकडून हवा, मध्ये पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. त्यातून प्रोटॉन पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालतात; तीच वीज. मागे उरतं पाणी. पण लोडवर, म्हणजे वीज घेताना, एक सेल देतो जेमतेम ०.६-०.७ व्होल्ट. म्हणून शेकडो सेल एकावर एक रचायचे. टोयोटाच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या पहिल्या मिराई कारमध्ये ३७० होते. रचून ते दाबून बसवायचे. दाब कमी पडला तर हायड्रोजन गळतो, जास्त झाला तर गॅस पसरवणारा थर चेपतो. हे काम कोणाचं, सांगा बरं?

शिवाय स्टॅक एकटा चालत नाही. हवेला कॉम्प्रेसर, मेम्ब्रेन ओलं ठेवायला ह्युमिडिफायर, उरलेला हायड्रोजन फिरवायला पंप किंवा इजेक्टर, टाकीपासून व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर. रेडिएटर तर इंजिनापेक्षा अवघड. इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. इथे स्टॅक ८० अंशांच्या आसपास चालतो आणि जवळजवळ सगळा भार कूलंटवर, म्हणजे थंड करणाऱ्या द्रवावर येतो. तो कूलंटही वीज न वाहणारा लागतो. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली गेली. तीही नुसत्या केमिस्ट्रीवर धावत नाही.

तरी फ्युएल सेलच्या नावावर मेकॅनिकल घ्या, असं मी म्हणणार नाही. आज त्यात नोकऱ्या मोजक्याच आहेत. हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्स तिने मनापासून करावं, थोडं कंट्रोल सिस्टिम्स शिकावं. ते ईव्हीच्या बॅटरी कूलिंगलाही चालतं. कॉम्प्युटर तिलाच हवं असेल तर माझी ना नाही, पण मग पत्र तिच्याकडून येऊ द्या.